तुझ्या सिनेमाला मी दिलेले चार गुण

अण्णा, परवा दुपारी कुठल्याशा सिनेमा-पुरस्काराची नामांकनं जाहीर झाली. तू जाऊन तेवीस दिवस झालेत हे मला नीट ठाऊक होतं, तरी बाराला पाच कमी असताना मी दाराची कडी काढून ठेवली. इतकी वर्षं नामांकनाच्या दिवशी तू चिकपेटेच्या गजबजलेल्या बाजारातलं बटणांचं आणि अस्तराचं दुकान तासभर बंद ठेवायचास, मेट्रोनं माझ्याकडे यायचास आणि चपला काढायच्या आत म्हणायचास, "बघितलंस पुट्टी? पुन्हा तेच." पुट्टी म्हणजे कानडीत लहान मुलगी. मी चौपन्न वर्षांची आहे, गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय जिना चढत नाही, पण तुझ्यासाठी मी पाठच्या भावाहूनही लहान राहिले. पाठचा भाऊ मला नाहीच, ही गोष्ट वेगळी.

"पुन्हा तेच" म्हणजे काय ते मला विचारावं लागायचं नाही. आपण दोघांनी बघितलेला एखादा सिनेमा यादीत नसायचा. तुळूतला, कोकणीतला, कधी पार ईशान्येकडचा. थिएटरात आपण दोघं आणि तिसरा कुणीतरी गार हवेसाठी आलेला. तो दिवस आपल्याकडे सुतकाचा. आमच्या ह्यांनी एकदा नेमका त्या दिवशी म्हैसूरपाक आणला, तर तू डब्याकडे असं बघितलंस की बिचारे तो घेऊन आतल्या खोलीत गेले आणि एकटे खात बसले.

मी तुला चिडवायची. "अण्णा, बक्षीस नाही मिळालं म्हणून सिनेमा वाईट ठरतो का?"

"बक्षिसाचं कोण बोलतंय? बक्षीस एकालाच मिळणार, हे शेंबड्या पोराला कळतं. नामांकन म्हणजे पंगतीत पान मांडणं. मग वाढा, नका वाढू, तुमची मर्जी. पण माणूस दारात उभा आहे हे दिसलंच नाही, असं कसं?"

"तू स्वतः सिनेमा काढल्यासारखा रडतोस."

"काढणाऱ्याला रडता येत नाही गं. त्यानं रडलं तर लोक म्हणतात हावरा. म्हणून बघणाऱ्यानं रडायचं."

यावर मी हसले होते. मग एकसष्टाव्या वर्षी तू खरंच सिनेमा काढलास आणि तुझी रडायची सोय गेली.

'पाऊण वार'. नाव ऐकून वहिनी म्हणाली, "कापडाचा सिनेमा?" तू म्हणालास, हो. यशवंतपूरच्या हनुमंतप्पांना, जे तीस वर्षं तुझ्याकडून अस्तर नेत होते, तू शिंप्याचं काम दिलंस. त्यांची अट एकच, कॅमेऱ्यासमोर खोटं शिवणार नाही. गोष्ट तरी केवढीशी! एक बाई गेलेल्या नवऱ्याचा कोट मुलाच्या मापाचा करायला आणते. म्हातारा शिंपी तो उसवतो. उसवता उसवता त्याच्या लक्षात येतं की हे टाके आपलेच आहेत, हा कोट त्या माणसाच्या लग्नात आपणच शिवला होता. बाईला तो काहीच सांगत नाही. संपलं.

त्या उसवण्यावरून आपण किती भांडलो! पुरी सात मिनिटं नुसती उसवण. ब्लेडचा आवाज आणि हनुमंतप्पांचे हात.

"अण्णा, सात मिनिटं कोण बघणार?"

"तू बघितलीस की."

"मी बहीण आहे."

"मग बाकीच्यांनी स्वल्प वेळ माझे नातेवाईक व्हावं. सात मिनिटंच."

हे भांडण राहिलंच. मला अजूनही वाटतं की चार मिनिटांत भागलं असतं. तू गेलास म्हणून मी मत बदललं असं कुणाला वाटायला नको. तुला तर नकोच नको.

पण खरी अडचण मिनिटांची नव्हतीच. तू सिनेमा आपल्या घरच्या मराठीत काढलास, ज्यात "सरी" म्हटल्याशिवाय होकार होत नाही आणि "अय्यो" म्हटल्याशिवाय दुःख. पुण्याकडच्या एका महोत्सवानं कळवलं, "चित्रपटाची भाषा मराठी आहे काय, हे कृपया स्पष्ट करावे." इकडच्या एका महोत्सवानं लिहिलं, सर, चांगला आहे, पण कन्नड नाही. तू दोन्ही पत्रं दुकानात गल्ल्याशेजारच्या काचेखाली लावलीस आणि आल्यागेल्याला दाखवलीस. "चारशे वर्षं झाली आपल्या लोकांना इथे येऊन. अजून फॉर्मवर आपण 'इतर'." तू हसत सांगायचास. वहिनी मात्र मला म्हणाली होती, "रात्री जेवत नाहीत नीट."

मग राहिला आपल्या शहरातला तो छोट्या सिनेमांचा पुरस्कार. त्या फॉर्ममध्ये भाषेचा रकानाच नव्हता. तू तो तीनदा भरलास, दोनदा खाडाखोड झाली म्हणून. आणि त्याच्या निवड समितीवर पाच जणांत मी होते.

मी तिथे कशी गेले, हे सांगताना अजून लाज वाटते. मराठी मंडळाच्या अंकात मी आपल्या घरातल्या गमतीजमती लिहिते, एवढीच माझी कर्तबगारी. अध्यक्ष होते मूर्तीसर, तुझे मित्र, कानडीचे निवृत्त प्राध्यापक. पंचवीस वर्षं दर रविवारी तुझ्याकडे येऊन फिल्टर कॉफी पिणारे आणि तुझ्या आवडत्या सिनेमांवर तुझ्याशीच वाद घालणारे. त्यांना समितीवर एक सामान्य प्रेक्षक हवा होता. सिनेमा चालू असताना मी झोपत नाही, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तू तेव्हा केवढा खूश झालास! "आत आपलं माणूस असू दे," म्हणालास. लगेच जीभ चावलीस. "म्हणजे तसं नाही हं. तू तुझं खरं काय ते कर."

अण्णा, आता जे लिहितेय ते तुला माहीत नाही. वर्षभर माहीत नव्हतं आणि तू तसाच गेलास.

तुला आपल्या समाजाच्या देवळातल्या जेवणावळी आठवतात. वाढायची पाळी आपल्या घराची असली की आईचा नियम होता, आपलं माणूस शेवटी. एकदा मी दहा वर्षांची असताना माझ्या हातात चिरोट्यांचं ताट होतं. तू पंगतीत मधोमध बसला होतास, अठरा वर्षांचा, भुकेला. मी दोनदा तुझ्या पानावरून पुढे गेले. तिसऱ्या फेरीला ताट रिकामं. तू सारभात खाल्लास आणि मला डोळा मारलास. घरी आल्यावर आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "माझी गुणाची," म्हणाली. आयुष्यातलं ते माझं पहिलं बक्षीस, आणि ते तुझ्या पानातून आलेलं.

समितीच्या पहिल्याच बैठकीत मी सांगितलं की 'पाऊण वार' माझ्या भावाचा आहे. मूर्तीसर म्हणाले, "मग त्या एका सिनेमाला तुम्ही गुण देऊ नका. आम्ही चौघांची सरासरी काढतो. सरळ आहे."

सरळच होतं. मी "सरी" म्हणून गप्प बसायचं होतं. पण मी म्हणाले, "सर, काळजी नको. पक्षपात आमच्या घरात कुणाला जमत नाही. उलट घरच्यांना मी जास्त कडक आहे." आणि हे म्हणून मी सगळ्यांकडे बघितलं. बघा, कशी आहे मी. त्या क्षणी मला तुझ्या सिनेमापेक्षा माझा स्वतःचा जास्त अभिमान वाटत होता.

सिनेमा दाखवला. सात मिनिटांची उसवण आली. हनुमंतप्पांचा हात टाक्यावर थांबला, त्यांनी तो टाका अंगठ्यानं चाचपला, आणि मी रडले. अंधार होता, कुणी पाहिलं नाही. दिवे लागले तर शेजारच्या बाई उघड डोळे पुसत होत्या. मला वाटलं, झालं! ही मंडळी भरभरून देणार. यांनी वाढलं की पोट भरेल. मग मी कशाला? मी शेवटी.

दहापैकी मी चार लिहिले. चाराचा आकडा सुबक काढला.

पाच सिनेमांची नामांकनं होती. तुझा सहावा आला.

मूर्तीसरांनी यादी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी पेन्सिलीनं पाचही जणांचे गुण नावानिशी मांडले होते. तो कागद त्यांनी माझ्याकडे फिरवला. माझे चार धरलेच नसते तर तुझा सिनेमा तिसरा होता. मी वाचलं एवढं बघून त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

नामांकनं जाहीर झाली त्या दिवशी तू आलास. बारालाच. दार माझ्यानं उघडवेना, शेवटी उघडलं. तू आत आलास, पाणी प्यायलास आणि देवनहळ्ळीकडच्या त्या मुलीच्या सिनेमाबद्दल बोलायला लागलास, जिनं विमानतळाजवळ विकलेल्या शेतांवर सिनेमा केला होता. "तिला वगळायला नको होतं गं. तिचं वय काय, तिला हे लागणार." अर्धा तास तू तिच्यासाठी हळहळलास. स्वतःच्या सिनेमाचं नाव काढलं नाहीस. मग कपाकडे बघत म्हणालास, "तुला आवडला होता ना माझा?"

"हो अण्णा." हे खरं होतं.

"मग कुणी कमी दिले गं?"

"गुप्त असतं ते."

"सरी, सरी. विचारू नये." तू कप बशीत ठेवलास. "तू भांडलीस ना?"

मी "हूं" म्हटलं.

मी थापाडी आहे, हे अख्ख्या समाजाला ठाऊक आहे. माझ्या लेखांतल्या निम्म्या मावश्या मुळात नाहीतच. पण एवढी छोटी आणि एवढी मोठी थाप मी कधी मारली नव्हती. तू उठलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि मलाच धीर दिलास. "जाऊ दे पुट्टी. एकटी तू काय करणार होतीस?"

त्यानंतर तू ते सगळ्यांना सांगत सुटलास. दुकानात, देवळात, लग्नांत. "माझी बहीण आत एकटी भांडली." लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे आणि मी पदर सावरत जिलबीच्या रांगेत उभी राहायची.

आणि मूर्तीसरांना तू पुढच्या रविवारी विचारलंस, कुणी कमी दिले. ते म्हणाले, "समितीतलं मी बाहेर बोलत नाही." तुला तेवढं पुरलं. बहीण भांडली, बाकी अनोळखी. मग लपवतंय कोण? तू मला येऊन सांगितलंस, "मूर्तीनं दिले कमी. पंचवीस वर्षं माझी कॉफी प्यायला आणि पान मांडताना हात आखडला." मी म्हणाले, "असं कशावरून?" तू म्हणालास, "तू चांगली आहेस, तुला कळत नाही."

तिथे सांगायचं होतं. मी ठरवलं, गौरीच्या सणाला सांगू. सणाला घर भरलेलं होतं. मग तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. म्हटलं डोळ्यांवर ताण नको. रागानं डोळ्यांवर ताण येतो की नाही, हे मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा होतं, यावरून माझी तयारी बघ. अकरा महिने रविवार आले आणि गेले. तू कॉफी एकटा प्यायचास. मूर्तीसर समोरून दिसले तर तू रस्ता ओलांडायचास, आणि चिकपेटेत रस्ता ओलांडणं म्हणजे काय असतं ते तुला मी काय सांगू.

तुझ्या तेराव्याला हनुमंतप्पा आले होते. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. "अक्का, आमच्यासाठी तुम्ही भांडलात म्हणे. अण्णा दर वेळी सांगायचे." मी त्यांना पाणी दिलं. नंतर फाटकाशी मूर्तीसर दिसले. चप्पल काढून ते आत आले, तुझ्या फोटोपुढे उभे राहिले, बराच वेळ. वहिनीनं त्यांना पाहिलं आणि ती आत निघून गेली. तेराव्याच्या घरात आलेल्या माणसाला कुणी "जेवून जा" म्हणालं नाही, अण्णा. ते थोडे थांबले. मग निघाले. माझ्या हातात साराचं भांडं होतं. मी पाहत होते, आणि मी वाढत राहिले.

दुपारी पाहुणे पांगले. वहिनी स्वयंपाकघरात उरलेलं अन्न काढून ठेवत होती. मी म्हणाले, "वहिनी, मी भांडले नव्हते. मी चार दिले."

"कशाला?"

"पाऊण वारला."

"दहापैकी?"

"दहापैकी. घरचं म्हणून. मला वाटलं बाकीचे देतील."

तिनं भातावर झाकण ठेवलं. पुन्हा काढलं. पुन्हा ठेवलं. "आणि मूर्तीसरांनी?"

"नऊ."

ती माझ्याकडे बघेना. "फोन करा त्यांना," म्हणाली. "आत्ता. उद्या जेवायला या म्हणावं. मी बोलावलंय म्हणून सांगा, वन्संनी नव्हे."

दुसऱ्या दिवशी ते आले. वहिनीनं त्यांना तुझ्या जागेवर बसवलं, स्वतः वाढलं, आणि म्हणाली, "काल चूक झाली माझी." मग माझ्याकडे बघत उभी राहिली. मी सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. त्यांना काय, सगळं पाठ होतं.

"तुम्ही त्याला सांगितलं का नाहीत, सर? माझं नाव घ्यायचं होतं."

ते त्यांच्या संथ कानडीत म्हणाले, "बहिणीवर रागावला असता तर त्याला घरात बसायला जागा राहिली नसती. माझ्यावर रागावला तर एक रविवार बुडेल, दोन बुडतील. मला वाटलं वेळ आहे." मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "आणि मी तरी कुठे स्वच्छ? त्याला दहा द्यायचे होते. मित्र म्हणून एक कापला."

आम्ही तिघंही हसलो. अगदी थोडं. मग सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, तो पुसून होईचना, आणि वहिनी ताक आणायला आत गेली ती लवकर आली नाही.

ते गेल्यावर मी तिला विचारलं. मला एकच गोष्ट ऐकायची होती. म्हटलं, "वहिनी, कळलं असतं तर अण्णानं मला माफ केलं असतं ना?"

"केलं असतं की."

मला बरं वाटायला लागलं होतं. पण तिचं संपलं नव्हतं.

"पण आधी रागावले असते. यांचा राग किती दिवसांचा, तुम्हांला ठाऊक नाही? घरच्यांवर आठ दिवस. चाळीस वर्षांत नववा दिवस मी पाहिला नाही. आठ दिवस तुमचं नाव घेतलं नसतं, नवव्या दिवशी काहीतरी निमित्त काढून तुमच्या दारात. ते आठ दिवस त्यांचे होते, वन्सं. तुम्ही दिले नाहीत. म्हणून अकरा महिने भलत्याच माणसावर रागावत बसले."

एवढं बोलून ती ओटा पुसायला लागली. इतरांच्या तोंडी चुरचुरीत वाक्यं घालणारी मी ताटं विसळायला बसले.

परवा कडी काढून ठेवली, बारा वाजले, साडेबारा वाजले, आणि मग हे लिहायला बसले. मंडळाच्या अंकात छापणार आहेत. म्हणजे जिथे जिथे तू माझी फुशारकी मारलीस, त्या सगळ्या घरांत हे जाईल. हनुमंतप्पांना मराठी वाचता येत नाही, त्यांना मी यशवंतपूरला जाऊन सांगणार आहे. रडणार नाही, नाटक करणार नाही, जमलं तर.

तुझ्याकडे मी माफी मागत नाहीये. ती तू दिली असतीस, आणि मी ती घेऊन लगेच त्यावर एक गमतीदार लेख लिहिला असता. मला तुझा राग हवाय, अण्णा. मूर्तीसरांवरचा तो उतरव, त्यांचा तो नव्हताच. माझ्यावर घाल. मला पुट्टी म्हणू नकोस. माझं नाव निघालं तर उठून जा. आठ दिवस पुरते घे, एकही कमी करू नकोस.

नवव्या दिवसाचं मी काही बोलत नाही.